गिरणगाव ते राजभवन : आर. डी. भंडारे यांची वाटचाल

हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनाच्या पूर्वेला खाडीचा काळा चिखल पसरलेला आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि जानेवारी २०२४ पासून तिथूनच अटल सेतू समुद्रावरून न्हावा-शेव्याकडे निघतो. वर टेकाडावर शिवडीचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १६८० साली बांधला, आणि १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चाल केली तेव्हा तो पहिल्या झटक्यात इंग्रजांच्या हातून गेला. पश्चिमेला उतरले की क्षयरोग रुग्णालय, टी. जे. रोड, बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे, आणि पुढे परळ.

या परळ-शिवडीच्या पट्ट्याचे राज्यपालपदाशी नाते फार जुने आहे. आज जिथे हाफकिन संस्था आहे, ती इमारत मुंबईच्या गव्हर्नरांचा वाडा होती. मुळात ते पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती मठाचे ठिकाण. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी तिथे राहायला आला आणि पुढे शंभर वर्षे मुंबई इलाख्याचा कारभार परळच्या झाडीतून चालला. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे कॉलऱ्याने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंटचा बंगला कायमचा धरला. रिकाम्या वाड्यात आधी प्लेगचे रुग्ण आले, आणि १८९९ साली डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आली.

गव्हर्नर गेले आणि गिरण्या आल्या. शिवडी, परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत कोकणातून, साताऱ्यातून, नगर-पुण्याकडून आलेली माणसे एका खोलीत दहा-दहा राहू लागली. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू केले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्या पैशाचा आधार या योजनेला देण्यात आला. त्याच दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडी-माझगावच्या भरावावर हलवला गेला, आणि त्या जागेला कॉटन ग्रीन हे नाव चिकटले. लॉइड यांच्या त्या खात्याने नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या दोनशेहून अधिक चाळी उभ्या केल्या. त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, एका चाळीत ८० खोल्या, संडास मजल्यावर सामाईक.

एका गव्हर्नराने बांधलेल्या या चाळींच्या जगातून पन्नास वर्षांनी एक माणूस राज्यपाल झाला. ४ फेब्रुवारी १९७३ रोजी रामचंद्र धोंडिबा भंडारे यांनी पाटण्यात बिहारच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाताखाली तयार झालेला हा कार्यकर्ता महाराष्ट्र विधानसभेचा पहिला विरोधी पक्षनेता होता, आणि मध्य मुंबईतून दोनदा लोकसभेवर निवडून गेला होता. आज त्यांचे नाव गिरणगावातल्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवे. राज्यपालपदाने चळवळीतल्या माणसाला काय दिले आणि चळवळीकडून काय घेतले, हे समजण्यासाठी भंडारे यांच्या आयुष्याइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

फेडरेशनचे दिवस

भंडारे यांचा जन्म १९१६ चा. ते सात-आठ वर्षांचे होते तेव्हा, ९ मार्च १९२४ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले. मे १९३६ मध्ये नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि धर्मांतराचा प्रश्न तिथे सविस्तर मांडला गेला. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला, तेव्हा बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी एकाच व्यासपीठावर होते.

भंडारे यांची पिढी या वातावरणात वाढली. गिरणीच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला विणाईचे काम नाकारले जाई, कारण धागा तुटला की तो तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. जास्त पगाराचे खाते त्यामुळे बंद. चाळींमध्येही वस्त्या वेगळ्या होत्या. एकाच आवारात राहून, एकाच भोंग्यावर उठून दोन माणसांचे जग निराळे असे. पोटाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न या भागात एकाच पाळीत भेटत, म्हणून इथला आंबेडकरी कार्यकर्ता सभेत वेतनावरही बोले आणि पाणवठ्यावरही.

१९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. कायद्याचे शिक्षण घेतलेले भंडारे मुंबईत फेडरेशनच्या पुढाऱ्यांत गणले जाऊ लागले. चळवळीला त्या काळी वकिलांची गरज मोठी होती. सभेची परवानगी, खोलीचा ताबा, पोलिसांनी उचललेल्या पोरांचा जामीन, सगळ्या कामांना कायदा लागे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पडले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला मुंबईने लोकसभेत पाठवले नाही. हा पराभव फेडरेशनच्या कार्यकर्त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिला, आणि भंडारे यांच्या पुढच्या विजयाकडे पाहताना तो लक्षात ठेवावा लागतो.

विधानसभेतला पहिला विरोधी पक्षनेता

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब गेले. दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पक्षापुढे नेतृत्वाचा प्रश्न उभा राहिला, आणि एकाच माणसाऐवजी अनेकांनी मिळून पक्ष चालवायचे ठरले. दादासाहेब गायकवाड, बी. सी. कांबळे, बॅरिस्टर खोब्रागडे यांच्याबरोबर मुंबईचे भंडारे त्या पहिल्या फळीत होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

तोवर महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पेटला होता. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले. १९५७ च्या निवडणुकीत गिरणगावाने समितीला भरभरून मते दिली. मध्य मुंबईतून लोकसभेवर कॉम्रेड डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने अशी जोडी निवडून आली. १९५९ साली समितीच्या पाठिंब्यावर पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. लाल बावटा आणि निळा झेंडा एकत्र फिरला की मुंबईत काय घडू शकते, हे त्या दोन-तीन वर्षांत दिसले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. समिती विस्कटू लागली होती, पण विधानसभेत विरोधकांचे बाक भक्कम होते. नव्या राज्याचे पहिले विरोधी पक्षनेते म्हणून आर. डी. भंडारे उभे राहिले. समोर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मराठी राज्याच्या पहिल्या सभागृहात सरकारला जाब विचारण्याचा पहिला अधिकार एका आंबेडकरी कार्यकर्त्याकडे आला, ही महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासातली मोठी घटना आहे. शाळेच्या पुस्तकात पहिल्या मुख्यमंत्र्यांचे नाव असते. त्यांच्यासमोर कोण बसले होते, हेही तिथे असायला हवे.

त्या दोन वर्षांत सभागृहापुढचे प्रश्न साधे नव्हते. महार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला होता, पण वतनाच्या जमिनी कुणाच्या हातात राहणार हा झगडा गावोगाव चालू होता. धर्मांतर केलेल्या बौद्धांच्या सवलती गेल्या होत्या. नव्या राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राला तेच करायला १९९० उजाडले. मधली तीस वर्षे ज्या मुलांची शिष्यवृत्ती आणि ज्या तरुणांची केंद्रातली नोकरी हुकली, त्यांची मोजदाद कोणत्याही कार्यवृत्तात नाही.

काँग्रेसची वाट आणि मध्य मुंबईची जागा

यशवंतरावांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’बद्दल महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. समितीतले, शेतकरी कामगार पक्षातले, रिपब्लिकन पक्षातले बिनीचे लोक एकेक करून काँग्रेसच्या जवळ आले. रिपब्लिकन पक्षात तर १९५९ पासूनच फूट पडली होती. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट कार्यकर्त्यांच्या तोंडी बसले होते. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. एवढी ताकद रस्त्यावर दिसूनही पक्ष सभागृहांत वाढेना. काहींनी काँग्रेसशी समझोता केला, काही सरळ काँग्रेसमध्ये गेले. भंडारे दुसऱ्या वाटेने गेले.

त्या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, पुढेही झाली. तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १९६७ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. ते वर्ष मुंबईत काँग्रेससाठी कठीण होते. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडले होते, शेजारच्या मतदारसंघात डांगे विजयी झाले होते. भंडारे यांची जागा राखीव नव्हती. खुल्या मतदारसंघातून, गिरणगावाला लागून असलेल्या वस्त्यांतून, एक बौद्ध उमेदवार जिंकला. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत त्यांनी ती जागा पुन्हा राखली. १९५२ मध्ये याच शहराने बाबासाहेबांना नाकारले होते, म्हणून या दोन विजयांचे मोल वेगळे आहे.

ही वर्षे लोकसभेत कायद्याच्या माणसासाठी मोलाची होती. गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ चा. मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकते की नाही, हा वाद त्यातून पेटला. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि काँग्रेस फुटली. मग संस्थानिकांचे तनखे रद्द झाले, २४ वी आणि २५ वी घटनादुरुस्ती आली. बाबासाहेबांच्या घटनेचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्याच सहवासात वाढलेला खासदार सत्ताधारी बाकांवरून पाहत होता.

इकडे गिरणगाव बदलत होते. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांची जागा पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली. १९७२ साली दलित पँथर जन्माला आली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांचा राग गावातल्या अत्याचारांवर होता, आणि रिपब्लिकन पुढाऱ्यांनी काँग्रेसच्या दारात जाण्यावरही होता. १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या रांगा आणि महागाई यांमुळे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या.

नेमक्या या वेळी मध्य मुंबईचा खासदार पाटण्याला गेला.

रिकामी खुर्ची आणि वरळी

भंडारे फेब्रुवारी १९७३ मध्ये राज्यपाल झाले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक जानेवारी १९७४ मध्ये झाली. जवळपास अकरा महिने, महागाई आणि दुष्काळाच्या दिवसांत, या भागाला लोकसभेत आवाज नव्हता.

पोटनिवडणुकीत काँग्रेसने रामराव आदिकांना उभे केले. शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. कम्युनिस्ट पक्षाकडून डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे उभ्या होत्या. दलित पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात पँथरची सभा होती. सभेवर दगडफेक झाली आणि चाळी पेटल्या. बौद्ध आणि सवर्ण कामगार ज्या आवारात शेजारी राहत होते, तिथे एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीवर दगड आणि पेटते बोळे पडू लागले. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता ठार झाला. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पोटनिवडणूक रोझा देशपांडे यांनी जिंकली.

वरळीच्या दंगलीची जबाबदारी भंडारे यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ते तेव्हा हजाराहून अधिक किलोमीटर दूर, पक्षीय राजकारणाबाहेरच्या पदावर होते. पण दंगलीचे निमित्त ठरलेली पोटनिवडणूक त्यांच्या बढतीमुळे लागली होती, हे इतिहासात कोरले गेले आहे. दोन्ही समाजांना ओळखणारा, दोन्हींची मते घेऊन निवडून आलेला वडीलधारा माणूस त्या आठवड्यात या चाळींमध्ये नव्हता. नेता वर गेला की खाली पोकळी राहते आणि ती दगडांनी भरली जाऊ शकते, हे त्या जानेवारीत गिरणगावाने सोसले.

पाटणा : दाराबाहेरचा जमाव

बिहारच्या राजभवनाला मराठी माणूस नवा नव्हता. यवतमाळच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे १९४८ ते १९५२ या काळात तिथे राज्यपाल होते. भंडारे यांच्यानंतर रा. सू. गवई आणि डी. वाय. पाटील याच पदावर गेले. पण यांपैकी कुणाच्याही वाट्याला भंडारे यांच्यासारखा काळ आला नाही.

जुलै १९७३ मध्ये केदार पांडे यांच्या जागी अब्दुल गफूर मुख्यमंत्री झाले. महागाई, बेकारी आणि भ्रष्टाचाराने विद्यार्थी संतापले होते. १८ मार्च १९७४ रोजी विधिमंडळाचे अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणाने सुरू व्हायचे होते. विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घालायचे ठरवले. राज्यपालांना सभागृहापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. त्या दिवशी पाटण्यात लाठ्या, अश्रुधूर आणि गोळ्या चालल्या, ‘सर्चलाइट’ आणि ‘प्रदीप’ या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जळल्या, माणसे मेली. विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्यांत लालूप्रसाद यादव आणि सुशीलकुमार मोदी होते. या घटनेनंतर जयप्रकाश नारायण आंदोलनाच्या अग्रभागी आले.

५ जून १९७४ रोजी जयप्रकाशांनी प्रचंड मोर्चा राजभवनावर नेला. विधानसभा बरखास्त करा, या मागणीवर लोकांनी केलेल्या सह्यांचे गठ्ठे राज्यपालांकडे देण्यात आले. परतणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. संध्याकाळी गांधी मैदानावर जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. चौदा वर्षांपूर्वी जो माणूस विरोधी बाकावरून सरकारला जाब विचारत होता, त्याच्याच दारात आता जनता जाब विचारायला आली होती. त्याच्या हातात मात्र उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. सह्यांचे गठ्ठे स्वीकारायचे आणि दिल्लीकडे पाहायचे, एवढेच पदाने त्याला दिले होते.

४ नोव्हेंबरला पाटण्यात जयप्रकाशांवर लाठी उगारली गेली तेव्हा मराठवाड्यातले नानाजी देशमुख मध्ये पडले आणि त्यांचा हात मोडला. त्याच महिन्यात ‘मैला आँचल’चे लेखक फणीश्वरनाथ रेणू यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून पद्मश्री परत केली. मराठी रसिकांना ‘तीसरी कसम’मुळे ओळखीचे असलेल्या या लेखकाला बिहार सरकारकडून दरमहा ३०० रुपये मानधन मिळत असे. ते नाकारणारे दुसरे पत्र त्यांनी बिहारच्या राज्यपालांना लिहिले. एका स्वाभिमानी लेखकाचे निषेधाचे पत्र जिच्या नावे आले, ती व्यक्ती स्वतः आयुष्यभर निषेधाच्या सभांत बोलत आली होती.

त्यानंतरचे वर्ष आणखी कठीण गेले. जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरला बॉम्बस्फोट होऊन रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांचा बळी गेला. एप्रिलमध्ये जगन्नाथ मिश्र मुख्यमंत्री झाले. जूनमध्ये आणीबाणी आली आणि ज्या जयप्रकाशांचा मोर्चा राजभवनावर आला होता, ते स्थानबद्ध झाले. सुटका झाल्यावर त्यांना मूत्रपिंडाच्या उपचारासाठी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणावे लागले. ऑगस्टमध्ये शोण नदीच्या पुराने पाटणा शहर बुडाले. भंडारे १५ जून १९७६ पर्यंत तिथे होते.

सहीचा अधिकार

राज्यपालाने काय करावे, यावर घटना समितीत मोठी चर्चा झाली होती. १९४७ मध्ये राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असे ठरले होते. मे १९४९ मध्ये तो निर्णय बदलला आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची पद्धत आली. बाबासाहेबांची त्या चर्चेतली भूमिका स्पष्ट होती. राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालवायचा कारभार नाही, म्हणून त्याच्यासाठी निवडणूक घेण्याचे कारण नाही. मात्र त्याला कर्तव्ये आहेत : मंत्रिमंडळ कायम ठेवावे की नाही हे पाहणे, आणि मंत्र्यांना सल्ला देणे, इशारा देणे, फेरविचार करायला लावणे.

कागदावरचे हे कर्तव्य प्रत्यक्षात किती क्षीण झाले, याचा पुरावा पुण्याच्या एका अभ्यासकाने बिहारमधूनच आणला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळले. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले होते. त्यांतले कितीतरी मुदत संपली की पुन्हा पुन्हा काढले जात. घटनेच्या २१३ व्या कलमाने तातडीच्या प्रसंगासाठी दिलेला अधिकार विधानसभेला वळसा घालण्यासाठी वापरला जात होता. प्रत्येक अध्यादेशाखाली सही राज्यपालाची असे. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही प्रथा घटनेशी केलेली फसवणूक ठरवली.

त्या पंधरा वर्षांत बिहारला अनेक राज्यपाल झाले, आणि भंडारे यांची तीन वर्षे त्यातच येतात. हा दोष एका व्यक्तीचा नाही. दिल्लीने नेमलेला आणि दिल्लीच्या मर्जीवर राहणारा राज्यपाल त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाला किती वेळा थांबवू शकेल, हा प्रश्न पदाच्या बांधणीचा आहे. आजही विधेयके महिनोन्महिने राजभवनात पडून राहतात आणि राज्ये न्यायालयात जातात, तेव्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा राहतो. भंडारे यांच्या बाबतीत तो अधिक टोचतो, कारण सभागृहात चर्चेशिवाय कायदा होऊ नये यासाठी विरोधी पक्षनेता उभा असतो, आणि ते काम त्यांनी स्वतः केले होते.

हिशेब

१६ जून १९७६ रोजी त्यांची बदली आंध्र प्रदेशात झाली. तिथे ते फेब्रुवारी १९७७ पर्यंत राहिले. काही महिन्यांनी त्याच हैदराबादच्या राजभवनात शारदा मुखर्जी आल्या. राजकोटच्या मराठी पंडित घराण्यात जन्मलेल्या आणि रत्नागिरीतून दोनदा लोकसभेवर गेलेल्या त्या आंध्रच्या पहिल्या महिला राज्यपाल.

महाराष्ट्रातून राज्यपाल झालेल्यांची यादी लांब आहे. काकासाहेब गाडगीळ पंजाबात गेले, ह. वि. पाटसकर मध्य प्रदेशात. वसंतदादा पाटील राजस्थानात गेले, पण तिथे रमले नाहीत आणि परतले. सुशीलकुमार शिंदे यांनी २००४ ची विधानसभा निवडणूक जिंकून दिली, मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडे गेले आणि ते हैदराबादला राज्यपाल झाले. रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. या नेमणुकांत सन्मान खरा आहे. अस्पृश्य म्हणून ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीबाहेर उभे केले, त्यांच्या नातवापुढे मुख्यमंत्र्याने शपथ घेणे ही लहान गोष्ट नाही. भंडारे यांनी १९७३ साली तो मान मिळवला, तेव्हा देशातल्या राजभवनांत दलित राज्यपाल विरळा होते. तो दिवस गिरणगावातल्या बौद्ध वस्त्यांनी अभिमानाने मिरवावा असाच होता.

पण पक्षांनी हे पद चळवळीतल्या माणसांना देताना अनेकदा त्यांना मैदानातून उचलून आदराने बाजूला बसवले, हेही तितकेच खरे आहे. भंडारे तेव्हा ५६ वर्षांचे होते. लोकसभेत त्यांची तीन वर्षे उरली होती. मध्य मुंबईसारखा अवघड मतदारसंघ त्यांना दोनदा साधला होता. त्या वयात, त्या काळात त्यांची जागा पाटण्याच्या राजभवनापेक्षा मुंबईच्या चाळींत आणि दिल्लीच्या सभागृहात अधिक होती. त्यांच्या कारकिर्दीचा कळस बहुतेक ठिकाणी राज्यपालपद सांगितला जातो. तो मान १९६० ते १९७३ या वर्षांना द्यायला हवा.

शिवडीच्या बीडीडी चाळी आजही उभ्या आहेत. वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, वरळीत नव्या घरांच्या किल्ल्याही वाटल्या गेल्या. शिवडीचे काम मागे राहिले, कारण ती जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातली आहे. हा प्रश्न लोकसभेत लावून धरावा लागतो आणि त्यासाठी या भागाचा माणूस मैदानात असावा लागतो.

महाराष्ट्र विधानसभेची १९६० ते १९६२ ची कार्यवृत्ते आणि चौथ्या व पाचव्या लोकसभेतली भाषणे छापील स्वरूपात ग्रंथालयांत आहेत. मुंबईतल्या राज्यशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती काढावीत, विरोधी पक्षनेता भंडारे यांची भाषणे वेगळी करून अभ्यासावीत आणि गिरणगावाच्या या प्रतिनिधीचे साधार चरित्र वाचकांपुढे ठेवावे.